स्टीव्ह मोर्सला 'बदली वादक' म्हणू नका

पुण्यातल्या जुन्या रॉक श्रोत्यांमध्ये 'डीप पर्पल' या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की चर्चा त्याचा मूळ गिटारवादक रिची ब्लॅकमोर याच्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. ब्लॅकमोरच्या थोरवीबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याच्यानंतर आलेल्या गिटारवादक स्टीव्ह मोर्सला 'बदली वादक' म्हणून एका वाक्यात निकालात काढले जाते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. ब्लॅकमोरचे त्या बँडमधले दोन्ही कालखंड एकत्र केले तरी मोर्सची १९९४ ते २०२२ ही कारकीर्द त्यांच्यापेक्षा बरीच मोठी भरते.

शिवाय मोर्स तिथे आला तो नाव कमावूनच. मायामी विद्यापीठात संगीत शिकत असताना सत्तरच्या दशकात त्याने 'डिक्सी ड्रेग्ज' हा बँड उभा केला. या बँडमध्ये गायक नव्हता. रॉक, जॅझ, कंट्री आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत यांच्या मिश्रणातून गिटार आणि व्हायोलिन जे बोलत, तेच त्यांचे गाणे होते. 'गिटार प्लेअर' मासिकाच्या वाचकांनी त्याला सलग पाच वर्षे सर्वोत्कृष्ट वादक म्हणून निवडले. पुढे तो 'कॅन्सस' या अमेरिकी रॉक बँडमध्ये गेला आणि १९८६च्या 'पॉवर' या अल्बममध्ये वाजवण्याबरोबरच त्याने गीतरचनेतही वाटा उचलला. त्याच दशकाच्या अखेरीस काही काळ त्याने चक्क प्रवासी विमानाचा वैमानिक म्हणून नोकरी केली.

१९९३मध्ये दौरा चालू असतानाच ब्लॅकमोरने 'डीप पर्पल' सोडला. ठरलेले कार्यक्रम गिटारवादक जो सॅट्रिआनीने पार पाडले आणि त्यानंतर मोर्स आला. या जागेची अडचण समजून घेतली पाहिजे. 'स्मोक ऑन द वॉटर' या बँडच्या गाण्याची गिटारवरची सुरुवात जगभरच्या श्रोत्यांना पाठ आहे. तिथे एक सूर इकडचा तिकडे झाला तरी लोकांना खटकतो आणि हुबेहूब वाजवले तर नक्कल केल्याचा ठपका येतो. मोर्सने त्या रचनांचा आब राखला, पण एकल वादनात स्वतःचा, प्रत्येक सूर पिकने (तारा छेडण्याच्या छोट्या पट्टीने) स्वतंत्रपणे छेडणारा स्वच्छ हात सोडला नाही. बँडचा १९९६चा 'पर्पेंडिक्युलर' हा अल्बम लक्षपूर्वक ऐकावा. बँडचा कीबोर्डवादक जॉन लॉर्ड याचा हॅमंड ऑर्गन आणि गिटार यांचा जुना संवाद त्यात आहे, पण गिटारची बोली निराळी आहे. पुढे उजव्या मनगटाच्या संधिवातामुळे, आयुष्यभर घोटवलेली छेडण्याची पद्धतच त्याला बदलावी लागली, तरीही तो वाजवत राहिला. अखेर पत्नीच्या कर्करोगाच्या आजारपणात तिच्याजवळ राहता यावे म्हणून त्याने बँड सोडला.

१९५३पासून सवाई गंधर्व महोत्सव ऐकत आलेल्या आपल्या शहराला तरी अशा वादकाची किंमत कळायला हवी. एकाच महोत्सवात वेगवेगळ्या घराण्यांच्या गायकांना साथ करणाऱ्या संवादिनीवादकाच्या निष्ठेविषयी कोणी शंका घेत नाही. उलट प्रत्येकाच्या गायकीशी जुळवून घेणे हीच त्याची विद्वत्ता मानली जाते. मात्र शनिवारी कोरेगाव पार्कमध्ये स्वतःच्या रॉक बँडबरोबर आणि रविवारी बालगंधर्व रंगमंदिरात भावगीतांच्या कार्यक्रमात वाजवणाऱ्या तरुणाला आपण 'नक्की कोणत्या बँडचा?' असे विचारतो, आणि त्या विचारण्यात कौतुकापेक्षा संशयच अधिक असतो. भावगीतात शब्द झाकला जाणार नाही इतका हात आवरता घेणे आणि आदल्याच रात्री ड्रम्सच्या गदारोळातून वाट काढणे, ही दोन्ही कामे एकाच्या हातून होतात, यामागे केवढा रियाज असतो! (घरभाडे आणि उपकरणांचे हप्ते एका बँडच्या मिळकतीवर निघत नाहीत, हेही खरेच आहे.)

२०१६मध्ये रॉक संगीतकारांचा गौरव करणाऱ्या अमेरिकेतल्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' या संस्थेने 'डीप पर्पल'चा सन्मान केला, तेव्हा सन्मानितांच्या यादीत ब्लॅकमोर होता, अगदी सुरुवातीचा गायक रॉड इव्हान्सही होता. मात्र त्या वेळी बँडबरोबर प्रत्यक्ष वाजवत असलेला मोर्स नव्हता. माझ्या मते हा उघड अन्याय होता. तिथली यादी बदलणे आपल्या हाती नाही, पण पुण्यात कार्यक्रमांच्या जाहिराती आपणच करतो. गायकाच्या नावाखाली 'आणि सहकारी' एवढेच न छापता गिटार, बेस आणि ड्रम्स कोण वाजवणार आहे, त्यांची पूर्ण नावे छापावीत, अशी माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे.