सेन्सिटिव्हिटी लावायच्या आधी डबीकडे बघा

परवा सकाळी इन्क्युबेटरमधून एका आजींच्या लघवीच्या कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या चाचणीची, प्लेट काढली. तिच्यावर तीन तऱ्हेच्या कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके, होते. काही मोठे पिवळे, काही टाचणीच्या टोकाएवढे बारीक आणि काही फिके निळसर. आजींच्या मुलीला फोन लावला. जळजळ? नाही. ताप? नाही. "वास येत होता मॅडम, म्हणून दिली. रात्रीच भरून ठेवली होती, सकाळी तुमच्याकडे आणली."

रात्रभर उन्हाळ्यात ओट्यावर राहिलेल्या डबीत कातडीवरचे मूठभर जंतूसुद्धा सकाळपर्यंत लाखांवर जातात. मी 'मिश्र वाढ, सॅम्पल दूषित असण्याची शक्यता' असा रिपोर्ट दिला. तासाभरात दवाखान्यातून फोन आला: "सेन्सिटिव्हिटी लावून द्या ना, औषध सुरू करायचंय."

सेन्सिटिव्हिटी म्हणजे वाढलेल्या जंतूंवर कुठलं औषध चालेल ते तपासणं. मी नाही लावली. लावली असती, तर त्या कागदावरच्या औषधांच्या यादीला बघून आजींना इंजेक्शनं सुरू झाली असती, आणि तीही नसलेल्या आजारासाठी.

एक मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू म्हणजे इन्फेक्शन, हा आकडा अमेरिकन डॉक्टर एडवर्ड कास यांच्या १९५० च्या दशकातल्या कामातून आला. आम्ही एक मायक्रोलिटरच्या लूपने (ठरावीक थेंब उचलणाऱ्या कडीने) सॅम्पल पसरतो, म्हणजे प्लेटवर शंभर कॉलनी मोजल्या की लाख झाले. पण हा आकडा म्हणजे दगडावरची रेघ नाही. तरुण बाईला लघवीला आग होतेय, पस सेल्स (पूच्या पेशी) भरपूर आहेत आणि एकट्या ई. कोलाय या जंतूची वाढ मिलिलिटरला हजारभरच आहे, तर ते खरं इन्फेक्शन असू शकतं. उलट काहीच त्रास नसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या लघवीत लाख जंतू निघाले तरी बहुतेक वेळा औषध लागत नाही. गरोदर बाईची गोष्ट वेगळी, तिथे त्रास नसला तरी उपचार करायचे. मूत्रमार्गाच्या ऑपरेशनआधीही तसंच.

कॅथेटरच्या (लघवीसाठी घातलेल्या नळीच्या) पिशवीतली लघवी तर कृपा करून कल्चरला पाठवू नका. नळी जुनी असेल तर बदलून नव्या नळीतून घ्या.

मला खरा राग येतो तो डबी नुसती हातात कोंबण्याचा. "यात लघवी आणा" एवढंच सांगतात. त्या बाईला कुणी सांगायचं की आधी पाण्याने स्वच्छ धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली डबीत धरा, झाकणाला आतून बोट लावू नका, दोन तासांत लॅबला पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा? सासूसमोर, पुरुष कंपाउंडरसमोर ती विचारणार आहे का?

आमच्या लॅबच्या बाथरूमच्या दारावर मी हे सगळं मराठीत, मोठ्या अक्षरांत, चित्रं काढून चिकटवलंय. कुणाच्या दवाखान्याला हवं असेल तर कमेंटमध्ये सांगा, फोटो पाठवते.