ही कसली भाजावळ?

मालवणजवळ आत्येकडे गेलो, तर परसात माडाच्या बुडाशी खड्डा खणून तयार. काठावर दोन उडालेल्या ट्यूबलाइट, रिमोटचे सेल, मुदत संपलेल्या गोळ्या, वायरींचं भेंडोळं. "पाऊस लागायच्या आधी जाळून पुरूक होया," म्हणाली आणि मोबाइल पुढे केला. तोच फॉरवर्ड: 'कचरा वेगळा करणे हे शहरी खूळ. आपले पूर्वज भाजावळ करत. जाळा, राख माडाला घाला, धुराने डास पळतील. जळत नाही ते पुरा, माती सगळे पचवते. नाहीतरी गाडीत सगळे एकत्रच होते.'

भाजावळ खरी, तिची राख चांगली हेही कबूल. पण तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या, जमिनीवर जळायचं ते शेण, पातेरा, गवत. पीव्हीसी प्लास्टिकची वायर नव्हे. ती जाळली की आम्लाचा वायू सुटतो आणि डायॉक्सिन नावाची विषारी रसायनंही. त्यातलं सर्वांत विषारी कर्करोगकारक ठरलेलं आहे. डासांचं म्हणाल तर आत्येला दमा आहे. पुढे.

'माती सगळे पचवते' वाचून मात्र माझं डोकंच फिरलं. ट्यूबमध्ये पारा असतो. पारा हे मूलद्रव्य. कुजून त्याचं होणार काय? शंभर वर्षांनीही तो पाराच. त्यात आमचा जांभा म्हणजे चाळण, वर कोकणातला पाऊस, आणि आत्येची विहीर खड्ड्यापासून वीस पावलांवर. खाडीच्या चिखलातले जिवाणू पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी नावाचं विष करतात. ते बारक्या माशातून मोठ्यात साठत जातं आणि शेवटी आपल्या ताटात येतं. जपानात मिनामाटाला १९५६ मध्ये जो आजार उघडकीला आला, तो असे मासे खाऊनच. तिथे मिथाइल मर्क्युरी थेट कारखान्याच्या सांडपाण्यातून आलं होतं. ट्यूबमध्ये पारा असतो काही मिलिग्रॅम, तेव्हा दोन ट्यूबांनी मिनामाटा होत नाही, हे मलाही कळतं. पण हा फॉरवर्ड काय फक्त आत्येलाच आलाय?

आणि शहरी खूळ? मार्च २०२६ पर्यंत लागू असलेले २०१६ चे घनकचरा व्यवस्थापन नियमच उघडून बघा. ओला, सुका आणि तिसरा घरगुती घातक कचरा. या तिसऱ्यात ट्यूबलाइट, बॅटऱ्या, जुनी औषधं, सुया, रंगाचे डबे आणि कीटकनाशकांचेही. आंब्याच्या मोहोरावर मारलेल्या औषधाचे डबे काय शहरातून वाहून येतात?

गाडीत एकत्र होतं, हे मात्र खरं. डोळ्यांनी पाहिलंय. शहरांत दर २० चौरस किलोमीटरला घातक कचऱ्याचं केंद्र हवं असं तेच नियम म्हणत होते. वाडीत कुठलं आलंय! पण म्हणून विहिरीशेजारी पुरायचं? वेंगुर्ला काही परदेशात नाही. तिथली नगरपरिषद कचरा निवडते, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यात घालते.

खड्डा वाया गेला नाही. त्यात पातेरा आणि बांगड्याची डोकी पडली, वर माती. ट्यूब गोणपाटात गुंडाळून पडवीत उभ्या केल्यात. सोमवारी मालवणला जाताना घेऊन जाणार, नगरपरिषदेत विचारणार. तो फॉरवर्ड आला त्या ग्रुपवर हे सगळं टाकायला आत्येने मला सांगितलंय. टाकतोय.