एक डिस्क गेली म्हणून लगेच रिबिल्ड नको

घरच्या सर्व्हरमधली एखादी डिस्क निकामी झाली, तर तेवढ्याच आकाराची नवी डिस्क आणून बसवावी आणि रिबिल्ड (उरलेल्या डिस्कांवरून नवी डिस्क भरून घेणे) सुरू करावे, रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) असल्यामुळे डेटा सुरक्षितच असतो, तो दुसरीकडे हलवण्याचा खटाटोप करू नये, असा सल्ला सध्या आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात बराच फिरतो आहे. त्याला तीन पुरवण्याही जोडलेल्या असतात. स्मार्ट चाचणी (डिस्कने स्वतः ठेवलेला प्रकृतीचा अहवाल) ‘पास’ दाखवत असेल तर उरलेल्या डिस्कांची काळजी करू नये, ॲरे (जोडलेल्या डिस्कांचा संच) उभाच राहिला नाही तर त्याच डिस्कांवर तो नव्याने तयार करावा, आणि कॉपी करायचीच असेल तर फोल्डर उचलून यूएसबी डिस्कवर टाकला की काम झाले. या सल्ल्याने ज्यांचे नुकसान होऊ शकते, त्यांच्या सर्व्हरवर काय असते हे मला ठाऊक आहे. हौशी नाट्यसंस्थांच्या प्रयोगांची चित्रीकरणे, वारलेल्या आजोबांचा आवाज, शेताचे उतारे, आणि १९५६ पूर्वी, म्हणजे हा जिल्हा मुंबई राज्यात असताना झालेल्या व्यवहारांच्या कागदांची स्कॅन तिथे असतात. यातल्या पुष्कळशा गोष्टींची दुसरी प्रत कुठेही नसते. म्हणून या सल्ल्याचे उत्तर मुद्देसूद द्यायला हवे.

रेड म्हणजे बॅकअप, या समजाबद्दल थोडक्यात सांगता येईल. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कलीहून रेडची कल्पना मांडली, ती अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून वेग मिळवण्यासाठी आणि त्यातली एक बंद पडली तरी काम चालू ठेवण्यासाठी. चुकून पुसलेली फाइल रेडमधल्या सगळ्याच डिस्कांवरून पुसली जाते, आणि वीज पडून सर्व्हर जळाला तर त्या एकाच पेटीतल्या सगळ्या डिस्क एकदम जातात.

खरा प्रश्न रिबिल्डचा आहे. चार टीबीच्या चार डिस्कांचा रेड ५, म्हणजे एकच डिस्क गेली तर तग धरणारी मांडणी, घ्या. एक डिस्क गेली की संरक्षण संपते, आणि नवी डिस्क भरण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचाव्या लागतात. हे वाचन बारा टीबीचे होते. घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात, न वाचता येणाऱ्या सेक्टरची शक्यता साधारणपणे दहाच्या चौदाव्या घाताइतक्या बिटांमागे जास्तीत जास्त एक अशी दिलेली असते, आणि तेवढे बिट म्हणजे सुमारे साडेबारा टीबी. यावरून रिबिल्ड हमखास फसतेच असा निष्कर्ष काहीजण काढतात, तोही चुकीचा आहे, कारण हा आकडा कमाल मर्यादेचा असून निरोगी डिस्क प्रत्यक्षात त्याहून बरीच चांगली वागते. पण तुमच्या उरलेल्या तीन डिस्क निरोगी आहेत असे गृहीत कशावरून धरायचे? त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या असतात, आणि गेलेल्या डिस्कइतकीच वर्षे, तेवढ्याच उष्णतेत चाललेल्या असतात.

म्हणून रिबिल्डच्या आधी डेटा दुसरीकडे कॉपी करून घ्यावा. पण कॉपी करतानाही त्याच डिस्क वाचाव्या लागतात, मग फरक काय, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. बारा टीबीपैकी दोनच टीबी भरलेले असतील, तर कॉपीत साधारण तेवढेच वाचले जाते. लिनक्सच्या एमडी रेडला (लिनक्समधल्या रेड चालवणाऱ्या भागाला) मात्र कोणता भाग रिकामा आहे हे कळत नसल्यामुळे रिबिल्डमध्ये मोकळी जागाही वाचली जाते. झेडएफएस ही फाइलप्रणाली याला अपवाद आहे, कारण ती वापरलेलेच भाग पुन्हा बांधते आणि बिघडलेल्या फाइलींची नावेही सांगते. याहून मोठा फरक क्रमाचा आहे. कॉपीत उतारे आणि आवाज आधी, डाउनलोड केलेले चित्रपट शेवटी, असा क्रम आपण ठरवतो, आणि निम्म्यावर दुसरी डिस्क गेली तरी जे बाहेर आले ते आपले असते. रिबिल्ड निम्म्यावर थांबले तर हाती काहीच लागत नाही.

त्यात आपल्याकडचा पावसाळा. सेकंदाला दीडशे एमबी हा वेग अखंड मिळाला तरी चार टीबीची डिस्क भरायला साडेसात तास लागतात, आणि वापर चालू असेल तर त्याहून बरेच जास्त. खानापूरच्या पश्चिमेकडे जुलैत एवढा वेळ सलग लाइट राहील याची खात्री कोणी देऊ नये. एक डिस्क कमी असताना, लेखन चालू असतानाच लाइट गेली, तर लिनक्स असा ॲरे पुन्हा सुरू करण्यासच नकार देते, आणि त्याला बळेच उभा करावे लागते. म्हणून सर्व्हरला यूपीएस हवा, नुसत्या इन्व्हर्टरवर भिस्त नको. नवी डिस्क घेतानाही एक गोष्ट विचारून घ्यावी. ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, म्हणजे एसएमआर पद्धतीच्या डिस्क रिबिल्डमध्ये अतिशय मंदावतात, आणि आपल्या ‘रेड’ (लाल या अर्थी) नावाच्या मालिकेतल्या दोन ते सहा टीबीच्या काही डिस्क याच पद्धतीच्या असल्याचे वेस्टर्न डिजिटलने २०२० साली मान्य केले होते.

आता ‘पास’विषयी. गूगलने २००७ साली आपल्या डिस्कांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांत सर्वांत बोलक्या चार स्मार्ट खुणांपैकी एकही दिसली नव्हती. उलट, पहिली स्कॅन त्रुटी (डिस्क स्वतःला तपासत असताना सापडलेली चूक) आलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता अशी त्रुटी नसलेल्या डिस्कच्या एकोणचाळीस पट आढळली. म्हणून स्मार्ट अहवालातली एकूण निकालाची ओळ सोडून ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या ओळींतला शेवटचा आकडा पाहावा. १९७ समोर शून्याऐवजी आठ दिसत असेल, तर आठ सेक्टर वाचता न आल्यामुळे निर्णयाची वाट पाहत पडलेले आहेत, मग वरच्या ओळीत काहीही लिहिलेले असो. १९९ चा आकडा वाढत असेल तर मात्र दोष बहुधा केबलचा असतो, आणि डिस्क फेकण्यापूर्वी केबल बदलून पाहावी.

ॲरे नव्याने तयार करण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. डिस्कांचा क्रम, चंकचा (एका डिस्कवर सलग लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा) आकार आणि डेटा सुरू होण्याची जागा यांतले एक जरी चुकले, तर पुन्हा जुळवणी म्हणून जे लिहिले जाते ते मूळ मजकुरावरच लिहिले जाते. त्याऐवजी आहे तो ॲरे फक्त वाचनासाठी जोडून पाहावा. एखादी डिस्क अडखळत असेल, तर आधी डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या डिस्कांसाठीच्या प्रोग्रॅमने तिची नव्या डिस्कवर प्रत काढावी आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. डीडीरेस्क्यू चांगला भाग आधी उचलते, अवघड भागाकडे नंतर वळते आणि कुठवर आले याची नोंद नकाशाफाइलीत ठेवते, त्यामुळे लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे चालते.

फोल्डर उचलून टाकण्यातला धोका मराठी नावे देणाऱ्यांना जास्त आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलप्रणालीत फाइलीच्या नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेते. नुसत्या ‘बेळगाव’ला अठरा बाइट लागतात. सिनॉलॉजी कंपनीच्या घरगुती सर्व्हरवरच्या जुन्या पद्धतीच्या एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये तर मर्यादा १४३ बाइटांची, म्हणजे सत्तेचाळीस चिन्हांची आहे. नाटकाचे नाव, संस्था, गाव आणि तारीख असे सगळे नावात लिहिले की ती सहज ओलांडली जाते, आणि नव्या जागी नेमकी तीच फाइल मागे राहते. फॅट३२ ही फाइलप्रणाली असलेल्या यूएसबी डिस्कवर चार जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, म्हणजे तीन अंकी नाटकाचे अखंड चित्रीकरण तिथेच अडते. आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने कॉपी करावी, त्रुटींची नोंद फाइलीत ठेवावी, ती वाचावी आणि मग चेकसमसह (दोन्हीकडचा मजकूर ताडून पाहत) आरसिंक पुन्हा एकदा चालवावे. ही दुसरी फेरी जुन्या डिस्कांवर मोठा ताण टाकते, म्हणून ती पहिली फेरी पूर्ण झाल्यावरच, आणि आधी मोलाच्या फोल्डरांवर करावी.

एवढे झाल्यावर जुन्या ॲरेत नवी डिस्क बसवून रिबिल्ड करायला माझी हरकत नाही. मात्र नव्या जागेवरून नाटकाचे एखादे चित्रीकरण शेवटपर्यंत चालवून पाहीपर्यंत, आणि उताऱ्यांची दुसरी प्रत कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या नातेवाइकांकडे पोहोचेपर्यंत, जुन्या डिस्क बसवल्या होत्या त्या क्रमाचे आकडे त्यांच्यावर लिहून तशाच बाजूला ठेवाव्यात.