आमच्या घरी चांदी येते

आमच्या घरी दर महिन्याला चांदी येते, ही बातमी वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, मला सोडून सगळ्यांना होती.

मला ती कळली २०१६च्या नोव्हेंबरात. नोटा बंद होऊन आठवडा उलटला नव्हता. त्यात आमच्या तालुक्यातल्या मोपा विमानतळाची कोनशिला नुकतीच बसली होती, त्यामुळे आमच्या गोव्यातल्या पेडण्यात बोलायला विषय कमी नव्हते. तरी देवस्थान समितीचे तिघे जण सकाळी सकाळी आमच्या पडवीत येऊन बसले. आईने चहा दिला. अध्यक्षांनी पावतीपुस्तक मांडीवर उघडलं आणि पेनाचं टोपण काढून मागे लावलं. टोपण मागे लावणाऱ्या माणसाला आकडा आधीच ठाऊक असतो.

"देवीची प्रभावळ चांदीची करायची आहे," ते म्हणाले.

"वा, छानच."

"रोख नको हां. सध्या कुणाला अडचणीत टाकायचं नाही. तुम्ही मालच द्या."

"कसला माल?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खजिनदार आवाज उतरवून म्हणाले, "येतो तो."

उलगडा व्हायला एक चहा आणखी लागला. मी कॉमिक्स वाचतो. वय त्रेचाळीस, नोकरी पणजीत, शुगर सीमेवर, आणि तरी वाचतो. 'सिल्व्हर सर्फर' नावाची मालिका २०१४पासून महिन्याच्या महिन्याला मागवत होतो. गोष्टीची पानं वीस, किंमत ३.९९ डॉलर, बायकोला मी फक्त पानांचा आकडा सांगितलेला आहे. मुंबईचा दुकानदार पाकिटावर आतला माल लिहून पाठवतो. त्याचं अक्षर मोठं आणि पाकीट लहान, म्हणून तो लिहितो, 'सिल्व्हर – १ नग'. कुरियरवाला पोर ते पाकीट हातात धरून आमचं घर विचारत अख्ख्या वाड्यातून येतो. दोन वर्षं येत होता.

अशा वेळी शहाणा माणूस हजार रुपयांचा चेक फाडतो आणि विषय मिटवतो. मी आत गेलो आणि अंक घेऊन बाहेर आलो.

मुखपृष्ठ बघून अध्यक्षांनी चष्मा पुसला. नखशिखांत चंदेरी माणूस, अंगावर चिंधी नाही, पायाखाली लाटांवर घसरायची फळी, आणि मागे समुद्र नसून आकाशगंगा.

"असले हरमलच्या किनाऱ्यावर पुष्कळ बघितलेत," ते म्हणाले. "चांदी तेवढी नव्हती."

"हा देव आहे की माणूस?" खजिनदार.

इथून माझी खरी यातना सुरू झाली. कॉमिक्स वाचणाऱ्याला लोक हसतात त्याचं काही वाटत नाही. कुणी मनापासून "काय आहे रे ते?" असं विचारलं की घाम फुटतो. कादंबरीचं बरं असतं, पहिल्या पानावर सुरू होते. ही मालिका कुठे सुरू होते हे सांगायलाच अर्धा तास. मी सांगत असलेल्या गोष्टीचा पहिला अंक २०१४चा. त्या मालिकेचे पंधरा अंक झाल्यावर, तोच लेखक डॅन स्लॉट, तोच चित्रकार माइक ऑलरेड, रंगही त्याच लॉरा ऑलरेडचे, आणि २०१६च्या जानेवारीत पुन्हा अंक पहिला! बायकोने दोन्ही 'एक नंबर' समोरासमोर ठेवून विचारलं होतं, "एकच पुस्तक दोनदा का घेतलंस?" मध्ये सगळी विश्वं नष्ट होऊन परत झाली, म्हणून आकडे पहिल्यापासून, असं मी तिला खरं ते सांगितलं. तिने त्यानंतर माझ्या बँकेचं पासबुक स्वतःकडे घेतलं.

शिवाय २०१४ ही काही खरी सुरुवात नव्हेच. खरी १९६६ची. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी ग्रह खाणारा गॅलॅक्टस रचला. कर्बीने चित्रं काढून आणली तर त्यात ठरल्यापेक्षा एक पात्र जास्त, फळीवर उभं. एवढ्या मोठ्या असामीला एखादा भालदार नको का, म्हणून त्याने आपल्या मनाने घातला. आणि फळीच का? तर म्हणे अंतराळयानं काढून काढून कंटाळा आला होता.

"१९६६ म्हणजे गोव्याच्या जनमत कौलाच्या आदल्या वर्षीचा," अध्यक्ष बोटं मोजत म्हणाले. "आमच्या धाकट्याच्या वयाचा." एकदा वय लागल्यावर त्यांना जरा ओळखीचं वाटलं. ते मागे टेकून बसले.

मी सांगत गेलो. झेन-ला नावाचा ग्रह. तिथला नॉरिन रॅड. गॅलॅक्टस त्याचा ग्रह खायला येतो. नॉरिन म्हणतो, माझा ग्रह सोड, मी तुझी चाकरी करतो, तुला खायला दुसरे ग्रह शोधून देतो. गॅलॅक्टस त्याला चांदीची काया देतो, फळी देतो, आणि हा पुढे जाऊन ग्रह हेरू लागतो.

"म्हणजे जमिनीचा एजंट," खजिनदार म्हणाले.

गेली अडीच वर्षं मी या पात्राचा विचार करत होतो. एवढं थेट मला सुचलं नव्हतं.

"मोठी पार्टी मागून येते, आधी हा येऊन बघून जातो," ते रंगात आले. "पाणी आहे का, रस्ता आहे का, माणसं कशी आहेत. आणि स्वतःचा वाडा तेवढा वगळतो!"

पडवीत एकदम शांतता पसरली. समितीतले तिसरे सदस्य इतका वेळ गप्पच होते. मोपाच्या बाजूला त्यांचं जमिनीचे एक-चौदाचे उतारे काढून देण्याचं जे काही चालतं ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी चहाचा रिकामा कप उचलून पुन्हा प्यायला.

"पुढे त्याला पश्चात्ताप होतो," मी घाईघाईने म्हणालो. "पृथ्वीवर एक आंधळी शिल्पकार मुलगी त्याला दोन शब्द सांगते आणि हा मालकावरच उलटतो. मालक त्याला शिक्षा म्हणून पृथ्वीवरच कोंडून घालतो."

"कमिशनपण गेलं," तिसरे सदस्य हळूच म्हणाले.

एव्हाना आवाज ऐकून थोरले काका बाहेर आले होते. काकांचं वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी ते दशावतारात संकासुर करत. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: दहीकाल्याच्या, म्हणजे दशावतारी नाटकाच्या, रात्री आधी गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, आणि मग काळ्या वेशातला संकासुर. त्याने वेद चोरलेले असतात, पण बोलतो असा की माणसं हसून हसून लोळतात. शेवटी माधव त्याला मारतो आणि मग रात्रीचं खरं आख्यान सुरू होतं. काका कार्तिकापासून वैशाखापर्यंत असे रोज मरत. आज या गावात, उद्या त्या. एका हंगामात आपण किती वेळा मेलो, हा त्यांचा अजूनही अभिमानाचा विषय आहे.

तर इतरांना मालिकेतलं जे कळत नाही, नेमकं तेच काकांना कळलं. मेलेलं पात्र परत कसं आलं, असं त्यांनी कधीही विचारलं नाही. मागे विश्व नष्ट होऊन पुन्हा अंक पहिला आला तेव्हा ते फक्त म्हणाले होते, "प्रलय झालो. मगीर?" गॅलॅक्टस हा मागच्या विश्वातला एकटा वाचलेला जीव, असं सांगितलं तर, "मार्कंडेय. पण ह्याला भूक लागते," असा शेरा मारून ते पान सुपारीला वळले. मी त्यांना दर अंक दुपारी वाचून दाखवतो, म्हणजे चित्रं ते बघतात आणि मी मराठीत सांगतो. सांगताना नावं आपोआप बदलली. नायिका डॉन ग्रीनवुड. आता डॉन म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर दुबई येते. डॉन म्हणजे पहाट, आणि तिच्या जुळ्या बहिणीचं नाव ईव्ह, म्हणून काकांनी पहिल्याच दिवशी दोघींचं बारसं करून टाकलं: उषा आणि संध्या.

ही उषा समुद्रकाठच्या अँकर बे नावाच्या गावातली. वडिलांची खानावळ-वजा लॉज, आणि ही गाव सोडून कुठे जायला तयार नाही. बहीण जग फिरते, ही चादरी बदलते. माझ्या मावसबहिणीचं मोरजीला तीन खोल्यांचं होमस्टे आहे, तिला मी एकदा हा अंक दाखवला. ती म्हणाली, "सीझनमध्ये मलाही कुणी आकाशात नेलं तर मी जाईन."

"आणि ह्या दोघांचं जमलं कसं?" अध्यक्षांनी आता पावतीपुस्तक बाजूला ठेवलं होतं.

"त्याच्याकडून एक काम करून घ्यायला कुणीतरी ओलीस धरतं. विश्वात याला सगळ्यांत महत्त्वाची व्यक्ती कोण, ते यंत्र शोधतं आणि उषाला उचलून आणतं. गंमत म्हणजे तोवर यांनी एकमेकांना पाहिलेलंसुद्धा नसतं."

"मग? आमचंही तसंच झालं," अध्यक्ष म्हणाले. "आधी वडीलधाऱ्यांनी ठरवलं, मग आम्ही बघितलं."

"फळीचं सांग रे त्यांना," काकांनी फर्मावलं.

हा त्यांचा लाडका भाग. सर्फर फळीला हाक मारतो, 'टू मी, माय बोर्ड'. ते ऐकून उषाला वाटतं फळीचं नावच टूमी. मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा काका उठून बसले होते. "तूं-मी! फळीचं नाव तूं-मी?" त्या दिवसापासून ते कुणालाही धरून सांगतात की अमेरिकेत अद्वैत पोचलं आहे आणि कवळ्याच्या मठात हे कुणीतरी कळवायला हवं. 'टू मी' म्हणजे 'माझ्याकडे ये', द्वैत तर द्वैत, असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं संकासुराकडे माधव पाहतो.

समितीला चांदीचं पटलं. जाताना मी दोन हजार एकचा चेक दिला, कारण दीड तास गोष्ट ऐकणारी माणसं फुकट मिळत नाहीत. वाड्याला मात्र पटलं नाही. वाड्याचं म्हणणं, समितीचे तिघे दीड तास आत होते आणि हसत बाहेर पडले, म्हणजे माल चांगलाच असणार.

माझी अब्रू तशीही शिल्लक नव्हती. ती त्याच्या आदल्या वर्षीच कदंबच्या बसमध्ये गेली होती. २०१५च्या अकराव्या अंकात सर्फर आणि उषा काळाच्या फेऱ्यात अडकतात, आणि आपणही अडकावं म्हणून पानं तशीच रचलेली. वरची पट्टी वाचत पुढे जायचं, मग पुस्तक उलटं धरून वाचत मागे यायचं, की पुन्हा जिथून निघालो तिथेच. सुटायची वाट पानातच कुठेतरी लपवलेली. पुढे त्या अंकाला आयझनर हा कॉमिक्सचा मानाचा पुरस्कार मिळाला. पण पणजीहून सुटलेल्या गर्दीच्या बसमध्ये मी एक पातळ पुस्तक सुलटं, उलटं, पुन्हा सुलटं धरून वाचतोय एवढंच लोकांना दिसत होतं. पर्वरीला शेजारच्या बाई खिडकीकडे सरकल्या. म्हापशाला त्यांनी जागा बदलली. कोलवाळच्या पुलावर माझा तिसरा फेरा चालू होता तेव्हा कंडक्टरने खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बाबा, घरचा फोन नंबर आहे?"

तर असे दिवस. आणि 'महिन्याच्या महिन्याला' हे मी आईसमोर म्हणायचो तेवढंच. दुसऱ्या मालिकेचे चौदा अंक यायला बावीस महिने लागले. काका रोज जेवल्यावर पडवीत येऊन रस्त्याकडे बघत. "उषा नाय?" मोपाच्या विमानासारखं झालं होतं. एवढं की एकदा बायकोनेच कुरियरच्या पोराला हटकलं, "काय रे, चांदी कुठे?" ते शेजारणीने ऐकलं. असो.

शेवटचा अंक २०१७च्या पावसाळ्यानंतर आला. पाकिटाला ओल लागून कडा फुगल्या होत्या. आमच्याकडे कागद आणि पापड सारखेच वागतात. दुपारी काकांना वाचायला बसलो. दोघं मागच्या विश्वात अडकतात, जिथून परतीची वाट नाही. मग तिथेच फिरत राहतात. उषा म्हातारी होत जाते. केस पांढरे होतात. तो चांदीचा, तो तसाच. ती जाते आणि तो पुढच्या विश्वाची वाट बघत राहतो.

काकांनी मला पान उलटू दिलं नाही. खूप वेळ त्या म्हाताऱ्या उषाकडे बघत राहिले. काकी जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मला वाटलं, आता ते म्हणतील, संकासुरही रोज मरतो, उद्या परत येतो. काही म्हणाले नाहीत. चष्मा काढला, सुपारीचा डबा उघडला, बंद केला.

"जुने आसात काय रे?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"कसले?"

"फळीवाल्याचे. उषा येण्याच्या आधीचे."

होते की. १९८७ ते १९९८ अशी अकरा वर्षं चाललेली एक लांबलचक मालिका होती. त्याच मुंबईच्या दुकानदाराच्या ओळखीने एक गृहस्थ घर बदलताना अख्खा संच काढत होते. किंमत इथे लिहीत नाही, बायको हे वाचते.

खोका डिसेंबरात आला. कुरियरच्या पोराने तो एकट्याने उचलला नाही. वाड्यातल्या दोघांना हाताशी घेतलं आणि तिघं घामाघूम होत, थांबत थांबत, सगळ्या दारांवरून तो आमच्या पडवीत आणून टेकवला. काका काठी टाकून उठले. मी पुढे होऊन वरची चिठ्ठी वाचली. दुकानदाराचं तेच अक्षर, तेच मोठं.

'सिल्व्हर – १४६ नग.'

पाखरं परतायच्या आत फाटक वाजलं. अध्यक्ष होते. पेनाचं टोपण घरूनच मागे लावून आले होते.