सर, एक शंका

काल रात्री माझ्या फॉरमॅटला अखेर मान्यता मिळाली. नाव मात्र दुसऱ्याचं लागलं.

पूर्वपीठिका पटकन उरकतो, कारण ती सांगतानाही डोकं तापतं. पोकेमॉनच्या लढाया ब्राउझरमधल्या सिम्युलेटरवर खेळता येतात. तिथे काही रिकामटेकडे नुसते खेळत नाहीत, खेळाचे नवे प्रकार काढतात. मी त्यांतला. माझ्या प्रकाराचं नाव ‘मुकी तिकडी’. दोन्हीकडे तीन-तीन भिडू. प्रत्येकाने दोन पोकेमॉन आणायचे, म्हणजे संघाचे नेहमीचेच सहा झाले. मैदानात एका वेळी एकच. पहिल्या फेरीचा हुकूम पहिल्या भिडूचा, दुसरीचा दुसऱ्याचा, तिसरीचा तिसऱ्याचा, मग पुन्हा पहिला. पोकेमॉन कुणाचाही असो, ज्याची पाळी त्याचा हुकूम. आणि लढाई सुरू झाली की आपापसात चकार शब्द काढायचा नाही.

हे शेवटचं कलम म्हणजे फॉरमॅटचा जीव. जोडीने खेळायच्या लढायांत दोघं कॉलवर असतात आणि त्यांतला एक शहाणा दोघांचंही खेळतो. दुसरा नुसता बटणं दाबायला. मला ते मोडायचं होतं. पुढच्याच्या मनात काय असेल ते ओळखून खेळा, इतकंच माझं मागणं.

खुद्द गेम बनवणाऱ्यांनाही ‘अनेकांची लढाई’ हे प्रकरण कधी धड झेपलेलं नाही. 2002 मध्ये दोन विरुद्ध दोन आलं, ते टिकलं. 2010 मध्ये तीन विरुद्ध तीन आलं. त्यात कडेला उभ्या असलेल्याला पलीकडच्या कडेवरच्यापर्यंत सहसा पोचता यायचं नाही, मधे सरकायचं तर एक फेरी खर्च. सोबत फिरती लढाईही आणली होती, तिघं मैदानात पण लढणार एकच. 2016 मध्ये दोन्ही प्रकार गुंडाळले आणि चौघांना एकमेकांवर सोडलं. कुणा एकाचे सगळे पोकेमॉन पडले की खेळ खलास, त्यामुळे जो आधीच अर्धमेला असेल त्याच्यावर सगळ्यांची नजर. म्हणजे मित्रांच्या कुठल्याही ग्रुपमध्ये जे एरवी चालतं तेच. तेही टिकलं नाही, तरी त्यांना कुणी शंका विचारल्या नाहीत. मला विचारल्या.

चाचणीच्या डावात मी पहिला भिडू होतो. मैदानात चॅरिझार्ड. मी स्वोर्ड्स डान्स केला, हल्ल्याची ताकद दुप्पट. त्याच फेरीत समोरच्यांनी आमच्या बाजूला स्टेल्थ रॉक टाकले, म्हणजे मैदानात उतरणाऱ्या प्रत्येकाला लागणारे दगड. दुसऱ्या भिडूला वाटलं, बिचारा धोक्यात आहे, त्याने त्याला आत घेतलं. आत घेतलं की वाढलेली ताकद जाते. तिसऱ्याला वाटलं, पहिल्याची इच्छा अपुरी राहिली, त्याने त्याला परत बाहेर आणलं. चॅरिझार्ड आगीचाही आणि उडणाराही, दोन्ही जाती दगडांपुढे कच्च्या, त्यामुळे बाहेर येताना दगडांनी त्याचा अर्धा जीव घेतला. माझी पाळी आली, मी पुन्हा स्वोर्ड्स डान्स केला. दुसऱ्याने पुन्हा आत घेतलं. तिसऱ्याने पुन्हा बाहेर आणलं. एकही फटका न मारता चॅरिझार्ड कामी आला. तिघांत एक पांघरूण असावं तसं चाललं होतं. समोरच्यांचंही काही वेगळं नव्हतं, म्हणून तर तो एवढा टिकला.

मला हे फार आवडलं. खरंच. फॉरमॅट चालतोय याचीच ती खूण होती.

तेवढ्यात प्रेक्षकांतून चॅटमध्ये ओळ आली. ‘सर, चॅरिझार्डला हेवी ड्यूटी बूट्स का नाही दिले? दगड लागले नसते.’

मुद्दा बरोबर होता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. त्याला त्याने प्रोत्साहन मानलं. या गृहस्थाला मी मनातल्या मनात शंकासुर म्हणू लागलो, इथेही तसंच म्हणतो.

‘सर, एक शंका.’

‘विचारा.’

‘तिघांपैकी एकाचं नेट गेलं तर त्याची फेरी पुढच्याला मिळणार?’

‘नाही. टायमर संपला की संघ हरला.’

‘म्हणजे बाकीच्या दोघांनी काही न करता हरायचं?’

‘संघ आहे ना तो.’

‘हो, ते बरोबर. मग शरणागतीचं बटण तिघांकडेही राहणार?’

‘राहणार.’

‘आणि चॅरिझार्डवाल्याला राग आला तर?’

चॅरिझार्डवाला मीच होतो. ‘भिडू बघून निवडायचे,’ मी लिहिलं.

‘हे नियमांत लिहिलंय का, सर?’

इथे मी अहो-जाहो सोडलं. ‘तुला खेळायचंय का?’

‘नाही सर, मी बघतोय. स्लीप क्लॉज माणसाला की संघाला?’

या क्लॉजप्रमाणे समोरच्या संघातले दोन पोकेमॉन एकाच वेळी झोपवता येत नाहीत. मी म्हटलं, संघाला. दुसऱ्यांदा झोपवायला गेलं तर चाल फुकट जाते.

‘म्हणजे आधी मी एकाला झोपवलं. मग माझा भिडू दुसऱ्याला झोपवायला गेला. फेरी वाया गेली त्याची, पण कारण मी. आणि मी त्याला सांगूही शकत नाही, कारण मौन. सर, याला दाद कुठे मागायची?’

‘त्याने स्क्रीन बघायची. झोपलेला दिसतो.’

‘बघितलीच नसेल तर?’

हा इसम एकही डाव खेळला नव्हता. त्याच्या संघात कोण, त्याला काय येतं, काही पत्ता नाही. तरी सहा माणसं लढाई थांबवून त्याचं वाचत होती, त्यांतले दोघं ‘पॉइंट आहे’ असं लिहीत होते. मग आला तो प्रश्न.

‘सर, शेवटची. पोकेमॉनला टोपणनावं देता येतात ना?’

‘येतात की,’ मी म्हणालो, आणि पुढची फेरी खेळायला वळलो.

त्यानंतर चॅटवर शांतता. मला वाटलं, गेला एकदाचा.

दुसऱ्या दिवशी तो दोन भिडू घेऊन हजर. त्यांचा पहिला पोकेमॉन मैदानात उतरला, नाव ‘मी मेलो तरी चालेल’. त्याने स्टेल्थ रॉक टाकले आणि सुखाने मेला. मग आला सायझर, नाव ‘मला आत घेऊ नका’. एकाने स्वोर्ड्स डान्स केला, बाकी दोघांनी त्याला हलवलं नाही, आमचे चार गेले. एकाला चॉईस बँड होता. त्याने ताकद दीडपट होते, पण पहिली चाल कराल तिलाच अडकून पडता. त्याचं नाव ‘एकच चाल येते, बघून ठरवा’. आम्ही धुपलो. वर चॅटमध्ये, ‘मौन पाळलं सर, कुणी एक शब्द बोललं नाही.’

मी ताबडतोब नियम घातला, टोपणनावं बंद. त्यावर झालेला काथ्याकूट इथे देत नाही. सारांश असा की लोकांना लढाईपेक्षा नावं आवडली होती. माझं म्हणणं कुणी ऐकलंच नाही. 2014 च्या जागतिक स्पर्धेत सेजुन पार्कने पचिरिसू नावाची चिमुकली खार आणली. तिचं काम काय, तर ‘फॉलो मी’ म्हणत मोठ्यांचे फटके स्वतःवर ओढून घ्यायचे, आणि तो जगज्जेता झाला. त्या खारीच्या गळ्यात पाटी नव्हती! आमच्याकडे खार व्हायला कुणी तयार नाही. झालाच तर आधी नाव लावून घेतो, ‘मी मेलो तरी चालेल’. हा त्याग नव्हे, जाहिरात आहे.

आणि खेळायला सहा जण एकाच वेळी मिळत नाहीत, हे दुखणं तर वेगळंच. स्मॉगॉन ही पोकेमॉनच्या लढायांचे नियम ठरवणाऱ्या हौशी लोकांची वेबसाइट. ते पोकेमॉनच्या श्रेण्या वापरावरून ठरवतात. सर्वांत वरच्या नेहमीच्या श्रेणीत राहायला 4.52 टक्के वापर लागतो, म्हणजे 15 लढायांत एकदा तरी समोर येण्याची शक्यता 50 टक्के. हा निकष फॉरमॅटला लावला तर मुक्या तिकडीला तळाच्या श्रेणीतही कुणी घेणार नाही. रात्रभर रांगेत बसलं की दोन जण येतात, त्यांतला एक विचारतो, ‘इथे रँडम बॅटल कुठे?’ म्हणजे संघ आयता मिळणारी लढाई.

मग मतदान झालं. टोपणनावांसह मंजूर. नाव शंकासुराच्या आयडीवरून. नियमांची सगळी वाक्यं माझी, स्वल्पविरामांसकट, आणि खाली ‘मूळ कल्पना: सर्वांची’. सर्वांची म्हणजे कुणाची? रात्र-रात्र जागून कलमं मी लिहिली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. पंच म्हणून तोच बसणार, शंका त्याच्याकडे पाठवायच्या.

पहिल्या डावाला मी हजर होतो. तिसरा भिडू मी, दुसरा तो स्वतः. त्याने आपला गारचोम्प उतरवला. नाव होतं, ‘पुढचा नियमवाला आहे, जपून’. फेऱ्या फिरून पाळी त्याच्याकडे आली, त्याने अर्थक्वेक मारला आणि चॉईस बँडमुळे गारचोम्प त्याच चालीला अडकला. समोरच्यांनी लगेच स्कारमरी आणली. ती उडते, जमिनीच्या चालीचा तिला धक्कासुद्धा लागत नाही. पाळी माझी. गारचोम्पला आत घ्यायचं बटण समोर होतं, नाव वाचलेलं होतं, वेळही भरपूर होता. मी अर्थक्वेक मारला. बोलायची परवानगी नव्हतीच.