एक तरी बराक राखा

आज सकाळी एका हेरिटेज वॉकवाल्या ग्रुपवर ठाणे जिल्ह्यातल्या ठिकाणांची यादी आली. अंबरनाथचं शिवमंदिर, कल्याणचा दुर्गाडी, ठाण्याचा कौपिनेश्वर. मी साधं विचारलं, उल्हासनगर का नाही? अंबरनाथच्या देवळापर्यंत येताच आहात, तिथून पुढे कॅम्प लागतोच. उत्तर आलं, "मॅडम, उल्हासनगरात बघायचं काय? जीन्स आणि फर्निचर?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यातले निम्मे चेहरे माझ्या ओळखीचे.

मी तिथे काही लिहिलं नाही. इथे लिहिते. इथे माझी माणसं आहेत आणि हे दोन ओळींत सांगून होणारं नाही.

माझं बालपण बराकीत गेलं. उल्हासनगर, कॅम्प चार. बॅरेक नंबर अमुक, रूम नंबर तमुक, हाच आमचा पत्ता. बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते आणि क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून एका सिंधी कुटुंबाच्या दोन खोल्यांपैकी एक भाड्याने घेतली. क्वार्टर मिळायला माझी शाळा निम्मी संपली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने ट्रान्झिट कॅम्प बांधला. सैनिक यायचे, काही दिवस राहायचे, पुढे जायचे. दोन हजारांवर बराकी, सगळ्या घाईने आणि तात्पुरत्या उभ्या केलेल्या. कोणी तिथे संसार मांडेल असं बांधणाऱ्यांच्या मनातही नव्हतं. युद्ध संपलं, छावणी ओस पडली, आणि मग फाळणीत सिंध सोडून आलेल्या लोकांना इथे आणून सोडलं. लाखभर माणूस. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं.

आमच्या घरमालकीणबाईंना आम्ही अम्मां म्हणायचो. शिकारपूरच्या. कराचीहून बोटीने मुंबईत उतरल्या, तिथून इथे. त्या सांगायच्या की आल्या तेव्हा अख्ख्या बराकीला आतून एकही भिंत नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता लांबच लांब दालनासारखा प्रकार. प्रत्येक कुटुंबाने गोणपाट शिवून लावले, तेवढ्या आडोशात बाळंतपणं झाली, माणसं वारली, लग्नंही लागली. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दादा, शिकारपुरात पेढीवर बसायचे. इथे आल्यावर त्यांनी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकली. अम्मांनी पापड लाटले. १९५४ च्या कायद्यानंतर सिंधमध्ये गेलेल्या मालमत्तेच्या क्लेममधून खोल्या त्यांच्या नावावर झाल्या, सनद मिळाली, आणि तेव्हा कुठे गोणपाटाच्या जागी विटा आल्या.

पण त्या विटा छपरापर्यंत पोचल्या नाहीत. हेच मला सांगायचंय. आमच्या आणि अम्मांच्या खोलीमधली भिंत माणसाच्या डोक्याच्या वर जरा जाऊन थांबली होती. त्याच्यावर कौलांपर्यंत सगळं मोकळं. खोल्या पाठीला पाठ लावून होत्या, आमचं दार बराकीच्या एका अंगाला, त्यांचं दुसऱ्या. त्यामुळे दाराने जायचं तर पूर्ण बराकीला वळसा. बोलायचं तर नुसतं तोंड वर करायचं. त्यांच्याकडे कढीला मेथीची फोडणी पडली की आमच्याकडे कळायचं. दादा रात्री खोकायचे, आई इकडून विचारायची, "काढा करू का?" आईबाबांना भांडायचं असलं की ते वालधुनी नदीच्या पुलापर्यंत फिरायला जात. घरात भांडणं शक्यच नव्हतं.

त्या भिंतीवरून आईने माझा भाऊ पलीकडे दिला होता.

पावसाळा होता, बाबा नाइट शिफ्टला. वाऱ्याने आमच्या बाजूची कौलं उडाली आणि बाहेरून पाणी दारातून आत यायला लागलं. आमची बाजू सखल होती. भाऊ तेव्हा पाळण्यातला. काळोखात, गुडघाभर पाण्यातून त्याला घेऊन बराकीला वळसा घालणं आईला जमणार नव्हतं. तिने पत्र्याची पेटी ओढली, तिच्यावर दुसरी ठेवली, वर चढली आणि हाक मारली. अम्मांचे दोन हात भिंतीच्या वर आले. "डे मूंखे, डे." दे मला, दे. आईने दुपट्यात गुंडाळलेलं पोर उचललं आणि त्या हातांत दिलं. मी पेटी धरून उभी होते, एवढं मला स्वच्छ आठवतं. मग त्यांचा मुलगा वळसा घालून आला आणि मला खांद्यावर बसवून घेऊन गेला. पहाटे बाबा आले तेव्हा आम्ही तिघं अम्मांच्या खाटेवर झोपलो होतो आणि अम्मां जमिनीवर.

आता हे वाचून कोणी "किती छान दिवस होते" लिहू नका. छान नव्हते. संडास सार्वजनिक आणि लांब, त्यांना कडी नसायची. आई संध्याकाळनंतर पाणी पीत नसे, रात्री जावं लागू नये म्हणून. बराकीतल्या कितीतरी बायका हेच करायच्या. नळाला पाणी यायच्या आधी पहाटे हंड्यांची रांग. उन्हाळ्यात झोप लागायची नाही, पावसाळ्यात अंथरुणाला ओल यायची. गरिबीला सोनेरी मुलामा देणारे लेख मला सहन होत नाहीत, आणि ते लिहिणारे बहुतेक तीन खोल्यांच्या घरात वाढलेले असतात.

पण म्हणून त्या जागेवर हसायचं?

आमचे डोंबिवलीचे नातेवाईक हसायचेच. "त्या कॅम्पात कसे राहता गं?" आमच्याकडे आले की पाणीसुद्धा जपून प्यायचे. पावसातली ती गोष्ट आईने एकदा त्यांना सांगितली. पेटीवर चढले, पोर दिलं, वगैरे. तर एक काकू म्हणाल्या, "सिंध्यांच्या हातात दिलंस? तान्हं पोर?" आई गप्प बसली. ती गप्प बसणारीच होती. मी आज गप्प बसणार नाही. हो काकू, सिंध्यांच्या हातात दिलं. तुमचं घर तिथून तीन स्टेशनांवर होतं, कोरडं होतं, पक्कं होतं, आणि त्या पावसाळ्यात तुमच्यापैकी एकही जण कौलं शाकारली का हे विचारायला आला नाही.

डुप्लिकेट माल झाला, मान्य. "मेड इन यूएसए" म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मी शाळेपासून ऐकतेय. अनधिकृत इमारती झाल्या, काही कोसळल्या, माणसं गेली. त्याचं समर्थन करणारी मी नव्हे. वालधुनीचं काय झालंय ते पुलावर नाक दाबून उभं राहिलेल्या कोणालाही कळेल. हे सगळं खरं. पण गाव, शेती, दुकान, पेढी, सगळं सोडून गोणपाटाच्या आडोशाला आलेल्या माणसांनी वीस-पंचवीस वर्षांत बाजारपेठ उभी केली, हेही तेवढंच खरं. त्यांनी कोणाकडे हात पसरलेला मी पाहिला नाही. दादांना मी रिकामं बसलेलं एकदाच पाहिलं, शेवटच्या आजारात. तेव्हाही छातीवर सिंधी पेपर. उजवीकडून डावीकडे वाचत जायचे, मला लहानपणी ती जादूच वाटायची. ते गेल्यावर त्यांच्या वह्या घरात कोणालाच वाचता येईनात. नातवंडं हिंदी-इंग्रजीत शिकलेली. त्या वह्या कुठे गेल्या असतील, आता कोण सांगणार.

आणि आता त्या बराकीही चालल्यात. एकेक पडतेय, जागी चार मजले चढताहेत. ज्याची जागा आहे त्याने ती का बांधू नये? बांधावीच. कोणाच्या पोराबाळांनी आमच्या आठवणींसाठी गळक्या छपराखाली राहावं असं मी म्हणत नाही. मी म्हणते, एक ठेवा. दोन हजारांतली एक.

भाचीकडे कार्डिफला गेले होते तेव्हा तिने सेंट फेगन्सचं संग्रहालय दाखवायला नेलं. जुन्या चर्च आणि शेतघरांच्या त्या आवारात एक छोटं अ‍ॅल्युमिनियमचं घर आहे. प्रीफॅब. युद्धात ब्रिटनमधली घरं बॉम्बखाली गेली, तेव्हा १९४४ मध्ये कायदा करून त्यांनी दीड लाखाहून जास्त तयार घरं उभारली. त्यातली अ‍ॅल्युमिनियमची घरं तर विमानांच्या कारखान्यांतून बाहेर पडायची, चार तुकडे लॉरीवर लादून आणायचे आणि जागेवर जोडायचे. दहा-पंधरा वर्षं टिकतील म्हणून बांधलेली. घरात न्हाणीघर, गरम पाणी, चक्क फ्रिजसुद्धा. आमच्या बराकीशी बरोबरी नाहीच. पण तिथे एक म्हातारं जोडपं नातवाला घेऊन आलं होतं. आजी स्वयंपाकघरात उभी राहून त्याला सांगत होती, आमचं अगदी असंच होतं, टेबल इथे होतं. पोरगं तोंड उघडं ठेवून ऐकत होतं.

मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. भाचीला वाटलं पाय दुखताहेत.

लंडनमध्ये कॅटफर्डला अशा १८७ घरांची वसाहत होती, जर्मन आणि इटालियन युद्धकैद्यांनी उभारलेली. ती पाडायची ठरली तेव्हा तिथले रहिवासी भांडले. सगळी वाचली नाहीत. पण २००९ मध्ये त्यातल्या सहा घरांना सरकारी संरक्षण मिळालं. सहा! राजवाडे नव्हेत, तात्पुरती घरं, साध्या माणसांची. आणि लांब कशाला जायचं, कोल्हापूरजवळ वळिवड्याला बघा. युद्धात परागंदा झालेले पाचएक हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत राहिले. ते गेले आणि तिथेही सिंधी निर्वासित आले, आजचं गांधीनगर ते. ती पोलिश मुलं म्हातारी होऊनही कोल्हापूरला येत राहिली, आणि २०१९ मध्ये वळिवड्यात त्यांचा स्मृतिस्तंभ उभा राहिला. उत्तम झालं, मला मनापासून आनंद आहे. मग त्याच जातीच्या बराकींत आयुष्य काढलेल्या आपल्याच लोकांचं काय?

आपल्याकडे वारसा म्हटलं की राजा लागतो किंवा देव लागतो. अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं, शिलाहारांचं, त्याच्यापुढे मीही हात जोडते. लहानपणी महाशिवरात्रीला अम्मां आम्हा सगळ्या पोरांना घेऊन तिथे जायच्या. पण ज्यांनी ते देऊळ पाहिलं आणि पाठ फिरवून घरी गेले, त्यांना त्याच वालधुनीच्या काठी लाखभर माणसांनी शून्यातून काय उभं केलं ते दिसलंच नाही. अमृतसरला २०१७ पासून फाळणीचं संग्रहालय आहे. महाराष्ट्रात फाळणीची एवढी मोठी वस्ती आहे आणि आपण तिला जीन्स म्हणून हसतो.

मला हवंय ते फार मोठं नाही. एक बराक. त्यात एक भाग गोणपाटांचा, अम्मांनी सांगितला तसा. आणि एक भाग अर्ध्या भिंतीचा, दोन्हीकडे संसार मांडलेला. शाळेतल्या पोरांना पेटीवर उभं करावं आणि पलीकडे हात पोचतो का ते बघायला लावावं.

ती भिंत पुढे पूर्ण झाली, तेही सांगते. अम्मांच्या धाकट्याचं लग्न ठरलं तेव्हा. नव्या सुनेला आडोसा हवा, आणि आईलाही केव्हापासून हवा होता, तिने स्वतःच अम्मांकडे विषय काढला होता. बाबांनी विटा उचलायला मदत केली. यात वाईट काही नव्हतं. बंद दाराआड बोलता यावं, एवढं सुख कोणाला नको? तरी पहिले काही दिवस आई भाजी परतताना तोंड वर करून काहीतरी सांगायला जायची आणि मध्येच थांबायची.

माझा राग उतरलाय जरा. सकाळी ज्याने ते लिहिलं तो वाईट माणूस नाही, त्याला कोणी सांगितलंच नसेल. आम्हीच सांगत नाही. कॅम्पातून बाहेर पडलेली आमची अर्धी पिढी "कुठले तुम्ही?" विचारलं की "कल्याणचे" म्हणते. माझा भाऊसुद्धा. नाशिकला स्वतःचा बंगला आहे, माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याच्या मुलांना आपला बाप कुठे वाढला ते धड माहीत नाही. ज्याला त्या भिंतीवरून दिलं, तो.

कॅम्प एक ते पाच, कुर्ला कॅम्प, कुठल्याही बराकीचा आतला फोटो कोणाकडे असेल तर मला पाठवा. लग्नाचे, मुंजीचे, चालिहो-थदडीसारख्या सिंधी सणांचे, काहीही चालेल, मागे भिंत दिसली पाहिजे. आमच्याकडे एकही नाही, आम्ही फोटो काढायला स्टुडिओत जायचो. आणि कोणाची बराक अजून उभी असेल, पाडायची ठरली असेल, तर पाडण्याआधी मला फोन करा. मी टेप घेऊन येते, मापं तरी घेऊ.

भावाला टॅग केलंय. बाळा, टॅग काढू नकोस.