आमची बाग मध्य महाराष्ट्रात नाही, मणेराजुरीत आहे

डिसेंबरात आभाळ भरून आलं की बातम्यांच्या चॅनलवाल्यांची दिवाळी. लाल पट्टी, मागं विजा कडाडणारं चित्र (तेही बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या पावसाळ्यातलं), आणि आरोळी, ‘राज्यावर अस्मानी संकट, पुढचे ४८ तास धोक्याचे!’ बरं, त्या आरोळीनंतर काय? तर चौपाटीवर लोक ढगाळ हवेत भेळ खातायत आणि बूम घेतलेला पोरगा त्यांना विचारतोय, कसं वाटतंय? अरे, त्यांना झकासच वाटणार! त्यांच्या गॅलरीत काय द्राक्षाचे घड लटकलेत?

पावसावर चिडून उपयोग नाही, तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण अंदाज माणसं सांगतात, तेव्हा चिडायचं ते माणसांवरच.

द्राक्षवाल्याला डिसेंबरात अंदाज कशाला लागतो ते एकदा नीट सांगतो. आगाप, म्हणजे लवकर छाटणी घेतलेल्यांच्या मण्यात आता पाणी उतरायला लागलंय, मणी पिकायला लागलेत. ऑक्टोबरात मागनं छाटलेली बाग फुलोऱ्यात आहे, नाहीतर नुकती मणी धरतेय. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे घडकुज. पाणी उतरल्यावर पाऊस म्हणजे मणी तडकणार. आणि डाऊनी नावाच्या बुरशीच्या रोगाला तर पावसाचंही काम नाही, पान काही तास ओलं राहिलं की बास, दाट धुकंसुद्धा पुरतं. अशा हवेत संध्याकाळी पाचला बांधावर उभं राहून ठरवायचं असतं की औषध मारायचं का थांबायचं. मारलं आणि तासाभरात सर आली तर सगळं धुऊन सरीत. नाही मारलं आणि रात्री दणकून झाला तर सकाळी काळ्या रानात ट्रॅक्टर शिरत नाही, ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर शेडात उभा आणि आपण पाठीवर पंप टाकून गुडघाभर चिखलात. मारलं आणि पाऊस आलाच नाही तर पैसे गेलेच, वर निर्यातीची बाग असेल तर औषधाच्या अंशाची टांगती तलवार. त्यात जीएचं डिपिंग, म्हणजे मणी फुगवायच्या औषधात घड बुडवायचं काम, ठरलेलं असलं तर बायकांची टोळी आठवडाभर आधी सांगून ठेवलेली असते. ती एकदा माघारी पाठवली की पुन्हा मिळेस्तोवर मण्यांचं माप निघून गेलेलं असतं.

एवढं सगळं एका प्रश्नावर टांगलेलं, की आज रात्री आमच्या शिवारात पडणार का नाही? आणि उत्तर काय मिळतं? ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस.’

मध्य महाराष्ट्र म्हणजे कुठं ते माहीताय का? वर नंदुरबार, खाली कोल्हापूर आणि आम्ही, सांगलीच्या तासगाव तालुक्यातले मणेराजुरीकर. मधे नाशिक, नगर, पुणे, सोलापूर, सातारा सगळे एकाच पोत्यात. सातारा एकटाच घ्या. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्याच जिल्ह्यात माणमध्ये ५०० च्या आसपास. टीव्हीच्या नकाशावर मात्र दोघांना मिळून एक ढग आणि त्या ढगाखाली तीन थेंब. आमच्या सांगलीचंही तेच. शिराळ्याचा पाऊस आणि जतचा पाऊस एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. जतमधल्या पाहुण्यानं तर याच आभाळाकडं बघून मला फोन केला, ‘दाजी, शाळवाला एक पाणी वाचलं बघा!’ आता त्याला काय बोलणार? त्याचं बरोबरच आहे.

बरं, ‘हलका ते मध्यम’चं माप काढून बघा. हवामानशास्त्रात दिवसाला अडीच मिलिमीटरपासून हलका पाऊस सुरू होतो आणि मध्यम जाऊन थांबतो ६४.४ ला. अडीचला माझी बाग एका फवारणीत सावरते. साठला सावरायला बागेत काही उरत नाही. दोन्ही एकाच वाक्यात बसवल्यावर अंदाज चुकायचा तरी कसा? वर ‘तुरळक ठिकाणी’, म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर. त्या पावात आमचं महसूल मंडळ, म्हणजे आसपासच्या गावांचा गट, आहे का, हे सकाळी पर्जन्यमापकात डोकावल्यावरच कळणार. शास्त्रज्ञांच्या हिशेबाला ती मोजमापं योग्यच असतील, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण हवामान खात्याच्या पत्रकातली एक ओळ उचलायची, तालुका गाळायचा, वेळ गाळायची आणि यलो अलर्ट असला तरी लाल पट्टीवर चढवायची, हा उद्योग कुणाचा? इशाऱ्याचे रंग चार आहेत, हिरवा, पिवळा, नारंगी, लाल. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, एवढंच. पण लक्ष ठेवा म्हणून सांगितलं तर चॅनल बघणार कोण!

मग उरतं व्हॉट्सॲप. तिथं तर प्रत्येक गल्लीत एक हवामानतज्ज्ञ. कुणी उपग्रहाचं रंगीत चित्र टाकतो आणि त्यावर लाल बाण मारतो. बाण कुठं चाललाय ते त्यालाही माहीत नसतं. कुणी महिनाभर आधी तारखेसकट पाऊस जाहीर करतो. पडला की ‘सांगितलं होतं ना!’ आणि नाही पडला की ‘वाऱ्यानं दिशा बदलली.’ दरवेळी वाराच बदलतो, तज्ज्ञ बदलत नाही. एकानं तर अवकाळीच्या अंदाजाखालीच टॉनिकची जाहिरात चिकटवलेली. म्हणजे आधी भीती घालायची आणि लगेच बाटली पुढं करायची. आणि आमचे लोकही असले बहाद्दर की तो मेसेज पन्नास जणांना पुढं ढकलल्याशिवाय चहा पीत नाहीत.

मोबाईलमधल्या ॲपचं तर बोलूच नका. परवा रात्री कौलावर टपटप ऐकून उठलो, बॅटरी घेऊन बागेत गेलो. तासगावच्या नावापुढं ॲपवर स्वच्छ चंद्र, आणि माझ्या टोपीच्या कडेवरनं पाणी गळतंय! मागच्या ओळी ऐन फुलोऱ्यात. फुलांच्या टोप्या सुटून पडायच्या, त्या भिजून घडालाच चिकटून बसलेल्या. प्रत्येक घडाच्या शेंड्याला एक थेंब, बोटानं झटकला की वरनं दुसरा ओघळून तिथंच. किती झटकणार? शेजारचे बापूही आले, खांद्यावर पोतं.

‘काय म्हणतोय रं तुझा मोबाईल?’

‘चांदणं पडलंय म्हणतोय, बापू.’

‘मग वाच की पेपर चांदण्यात. नाहीतर ब्लोअर काढ.’

जमीन अजून वर वरच भिजली होती, म्हणून ट्रॅक्टर आत गेला. औषध बंद ठेवून नुसता वारा सोडत ओळीमागून ओळ फिरवली, घडातलं पाणी उडवायला. उजाडेपर्यंत आमच्या दोघांच्या ट्रॅक्टरचा आवाज शिवारभर. घरी आल्यावर बघतो तर ॲपवर पहाटेपासून पावसाचं चित्र आलेलं. झालेला पाऊस सांगायला ॲप कशाला पाहिजे? त्याला आमची म्हैस पुरेशी आहे, ती भिजली की ओरडते.

सकाळी पुण्यातल्या मेहुण्याचा फोन. ‘काय दाजी, मस्त वातावरण झालं असेल ना तिकडं? कांदाभजी वगैरे?’ ठेवून दिला.

आणि हे काही पहिल्यांदा घडतंय असंही नाही. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला अवकाळीनं सांगलीपासून नाशिकपर्यंत द्राक्षं झोडपली. ९ डिसेंबर २०२२ च्या रात्री मंदोस वादळ महाबलीपुरमजवळ धडकलं आणि इथं आमच्या डोक्यावर आभाळ धरलं. ३० नोव्हेंबर २०२४ ला फेंगल पुद्दुचेरीजवळ किनाऱ्याला लागलं, तिथनं मोडत मोडत कर्नाटकावरून अरबी समुद्राकडं निघालं आणि जाता जाता डिसेंबरच्या सुरुवातीला आमची थंडी पुसून गेलं. वादळ तमिळनाडूत धडकल्यापासून त्याचे ढग इकडं यायला दोन-चार दिवस लागतात. त्या दोन-चार दिवसांत कुठला तालुका कधी सापडू शकतो एवढं तरी नीट सांगायला काय हरकत आहे? पण तेव्हा चॅनलवर लग्न चालू असतं कुठल्यातरी नटीचं. ढग माथ्यावर आले की मग ह्यांना अस्मानी संकट दिसतं.

शास्त्र नाही असं म्हणायची सोय नाही, म्हणून जास्त राग येतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलेली ६ किलोमीटरच्या जाळीची, म्हणजे नकाशाचे तेवढाले चौकोन पाडून अंदाज काढणारी, ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ मे २०२५ मध्ये सुरू झाली, आधीची जाळी १२ किलोमीटरची होती. त्याच संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आमच्या शेजारी महाबळेश्वरात २०१२ पासून उभी आहे. महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं बसवलीत. विम्याचा हिशेब करताना त्याच केंद्राचा आकडा बरोबर हुडकून काढतात. तुझ्या बागेत पडला असेल बाबा, केंद्रावर एवढाच नोंदलाय, असं तोंडावर सांगतात. म्हणजे पडून गेलेला पाऊस मंडळाच्या मापानं मोजायचा आणि येणारा पाऊस नंदुरबार ते कोल्हापूर एकाच वाक्यात उरकायचा. न्याय आहे का हा?

मला लांबलचक काही नको. संध्याकाळी पाचच्या आत एक ओळ द्या, मणेराजुरी मंडळ, आज रात्री बारा ते पहाटे सहा, शक्यता इतकी, पडला तर एवढा. येत नसेल सांगता तर ‘आज सांगता येत नाही’ असंच लिहा, आईशप्पथ राग धरणार नाही. मी माझ्या जबाबदारीवर औषध मारीन नाहीतर थांबीन. पण ते ‘शेतकरी बांधवांनी योग्य ती काळजी घ्यावी’ आधी बंद करा! योग्य ती म्हणजे कोणती? बाग काय अंगणातलं वाळवण आहे, चार बायकांना हाक मारून घरात ओढायला?

आत्ताही आभाळ भरलेलंच आहे आणि फोन सारखा वाजतोय. सकाळपासून दिसेल त्या हवामानाच्या ग्रुपमधनं बाहेर पडतोय. एकाच ग्रुपमधनं निघता येईना, त्याचा ॲडमिन आमचा साडू आहे, आणि त्यानं आत्ताच टाकलंय, ‘पुढचे ४८ तास धोक्याचे.’